कावळ्याला दिलेला शब्द

कारभारीतात्यांच्या खांद्यावरच्या पांढऱ्या उपरण्याला कायम गाठी असायच्या. कधी तीन, कधी सात. एका पावसाळ्यात तर अकरा झाल्या होत्या आणि उपरणं दोरखंडासारखं दिसायला लागलं होतं. विधानभवनाच्या दारात एका नव्या पोलिसाने ते चाचपून विचारलं होतं, "साहेब, ह्यात काय बांधलंय?"

"मतदारसंघ," तात्या म्हणाले आणि आत गेले.

तात्या म्हणजे आमचे आमदार. नाशिकच्या पूर्वेला गोदाकाठाने जी कांद्याची, द्राक्षांची, भाजीपाल्याची गावं लागतात, त्या भागातून ते सहा वेळा निवडून आले. सातव्यांदा पडले. मधल्या काळात त्यांनी चार पक्ष बदलले. पक्षाचं उपरणं वरून घालायचे आणि गाठींचं आतून. वरचं बदलायचं, आतलं तेच. मी नऊ वर्षं त्यांची स्वीय सहायक होते, त्यामुळे कोणतं उपरणं कधी धुवायला गेलं हेसुद्धा मला ठाऊक आहे. गाठींचं कधीच गेलं नाही.

त्या गाठींचं कारण सांगायचं तर दहाव्यापासून सुरुवात करावी लागेल. आमच्याकडे माणूस गेलं की दहाव्या दिवशी नदीवर पिंड ठेवतात आणि कावळ्याची वाट बघतात. कावळा लगेच शिवला तर माणूस सुखाने गेलं. नाही शिवला तर काहीतरी इच्छा राहिली. मग एकेक नातेवाईक पुढे होऊन हात जोडतो आणि सांगतो, अमुक करू, तमुक करू. योग्य इच्छा सापडली की कावळा उतरतो. आमच्या भागातला आमदार लग्न एकवेळ चुकवील, पण दहावा चुकवत नाही.

तात्या पहिल्यांदा निवडून आले त्या वर्षीची गोष्ट त्यांनीच मला सांगितली. एका म्हाताऱ्या सरपंचाचा दहावा होता. दोन तास कावळा येईना. मुलं सांगून थकली, सुना सांगून थकल्या. तात्या उपाशी होते, ऊन डोक्यावर आलं होतं. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "बाबांना पाण्याची टाकी पाहायची होती." तात्या वैतागून म्हणाले, "बरं, देतो टाकी!" आणि तोंडातला शब्द पुरा व्हायच्या आत कावळा पिंडावर.

"माझ्या अंगावर काटा आला," तात्या सांगायचे. "भाषणात शंभर टाक्या दिल्या होत्या तोवर. एकीचंबी काय वाटलं नाय. पण ह्यो गडी माझ्याकडं बघत बघत भात खात होता ना!"

त्यांनी तिथेच उपरण्याला गाठ मारली आणि टाकीत पाणी पडलं त्या दिवशी सोडली. तेव्हापासून नियम झाला. "जित्त्या माणसाला दिलेला शब्द म्हंजे निवडणूक," ते म्हणायचे. "कावळ्याला दिलेला शब्द म्हंजे शब्द."

हे गावांच्या ध्यानात यायला किती वेळ लागणार? लोक मोर्चे काढायचे बंद झाले. निवेदन द्यायला कुणी येईना. सगळे दहाव्याची वाट बघू लागले. एका गावाने तर तात्यांची जीप दिसेपर्यंत पिंडाशेजारी एक माणूस काठी घेऊन उभा केला होता, कावळ्यांना हाकलायला. तात्यांनी ते लांबूनच पाहिलं.

"काय रे, कावळ्याला मारतो का?"

"नाय तात्या, जरा थांबवलंय. तुमच्याशिवाय सुरुवात कशी करायची?"

तरी तात्या भोळे नव्हते. कावळ्याशी घासाघीस करण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. एकदा एका घरच्यांनी सांगितलं की आजोबांची इच्छा नातवाला सरकारी नोकरी लागावी अशी होती. तात्या म्हणाले, "आजोबा नव्वदीला गेले. दर आठवड्याला बाजारात भेटायचे. तंबाखू मागायचे. नोकरीचं एकदाबी बोलले नाय. आता कावळ्यालाच बरं सांगितलं!" मग झाडाकडे बघून हात जोडले, "महाराज, नोकरी माझ्या हातात नाय. मळ्यातला रस्ता करून देतो. डांबरी नाय, खडीचा." कावळा उतरला. तात्या माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मिटलं."

मी तात्यांना पहिल्यांदा जवळून पाहिलं तेही दहाव्यालाच. माझ्या आईच्या.

मी तेव्हा बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घराण्यात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. हे मी कुणी न विचारताही सांगते. आमची पिंपळमळा वस्ती मोठ्या रस्त्यापासून तीन किलोमीटर आत. आई रोज पहाटे मेथी-कोथिंबिरीच्या जुड्यांची पाटी डोक्यावर घेऊन फाट्यापर्यंत चालत जायची आणि मी वह्या छातीशी धरून तिच्या मागे. फाट्यावर ती टेम्पोत चढायची, मी एस.टी.त.

त्या दिवशी कावळा समोरच्या बाभळीवर बसला होता आणि उतरत नव्हता. मामा म्हणाले, "पोरीचं लगीन थाटात करू." कावळ्याने मान वळवली. काकू म्हणाली, "भाऊजींना टायमावर जेवायला घालू." कावळ्याने पाठच फिरवली. आमचे नाना, म्हणजे माझे वडील, नुकतंच डोकं भादरलेलं, एका बाजूला खाली बघत उभे होते. ते एरवीही फार बोलत नसत. तेवढ्यात तात्या आले. "काय अडलंय?" म्हणाले. सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मला राग आला.

"काय अडलंय ते तुम्हालाच माहीत पाहिजे," मी म्हणाले. "आमच्या वस्तीला एस.टी. येणार असं दर निवडणुकीला सांगून जाता. पाटी डोक्यावर घेऊन चालून चालून आईचा जन्म गेला. तिला एकदा दारात एस.टी.त बसायचं होतं."

मामांनी माझा दंड दाबला. तात्या मात्र पुढे झाले, चपला काढल्या, हात जोडले. "माउली, एस.टी. आणतो. कारभारीचा शब्द."

कावळा आला. तात्यांनी उपरण्याच्या अगदी टोकाला गाठ मारली आणि मला विचारलं, "शिकती काय?"

"बी. ए. मराठी."

"पास झाली की ये माझ्याकडं. असं तोंडावर बोलणारं माणूस पाहिजे मला. बाकी सगळे गोड बोलत्यात, अन् मला शुगर हाय."

मी फर्स्ट क्लासमध्ये पास होऊन गेले. त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव कधी घेतलं नाही. "ए ग्रॅज्युएट!" अशी हाक मारायचे, आणि कलेक्टरसमोर मारायचे तेव्हा जरा जास्तच मोठ्याने. ते स्वतः सातवी. मी लिहिलेलं पत्र ते दोनदा वाचायचे. एकदा मजकुरासाठी आणि एकदा, त्यांच्या शब्दांत, "चवीसाठी".

माझं मुख्य काम श्रद्धांजलीच्या भाषणांचं. पहाटे पाचला जीप निघायची. रज्जाकभाई ड्रायव्हर, शेजारी तात्या, मागे मी कागद घेऊन. "आज कोण?" तात्या विचारायचे. मी नाव, गाव, शेती, स्वभाव सांगायचे. एके दिवशी गोदाकाठच्या मोठ्या घाटावर एकाच वेळी दोन दहावे होते. आम्ही पायऱ्या उतरलो, लोकांनी वाट करून दिली, तात्यांनी सुरू केलं. दहा मिनिटं ते एका मोठ्या द्राक्ष बागायतदाराबद्दल गहिवरून बोलले. समोरची माणसं एकमेकांकडे बघत होती. गेलेला गृहस्थ शाळेतला शिक्षक होता. मी मागून उपरणं ओढलं, पण तात्या तोवर कावळ्यापर्यंत पोचले होते. "पोरांच्या शाळेला पत्र्याची शेड पाहिजे," कुणीतरी म्हणालं. "दिली!" तात्या म्हणाले, आणि कावळा झपकन खाली.

जीपमध्ये बसल्यावर मी सांगितलं, "तात्या, ते गाव आपल्या मतदारसंघात नाही."

"मग?"

"आपला निधी तिथे वापरता येत नाही."

रज्जाकभाई म्हणाले, "तात्या, कौवे को क्या मालूम हद्द कुठं संपते? जाऊ द्या."

"कावळ्याला नसंल माहीत. मला हाय ना," तात्या म्हणाले आणि गाठ मारली.

शेजारच्या मतदारसंघाचा आमदार म्हणजे त्यांचा कट्टर वैरी. दोघं एकमेकांच्या लग्नकार्याला जात नव्हते. तात्या त्याच्या बंगल्यावर गेले, मीही सोबत. तात्यांनी हात जोडून सगळं सांगितलं. तो माणूस सोफ्यावर लोळून हसला. शेवटी डोळे पुसून म्हणाला, "करतो शेड. पण फीत मी कापणार अन् तुमचं नाव घेणार नाय." तात्या म्हणाले, "नाव नको. तेवढा पत्रा चांगला टाक." शेड झाल्यावर आम्ही मुद्दाम त्या रस्त्याने गेलो. तात्या जीपमधून उतरले नाहीत. लांबूनच शेड बघितली आणि गाठ सोडली.

सभागृहात ते फारसे बोलत नसत. एकदा एका पुलाच्या प्रश्नावर मंत्री तिसऱ्यांदा म्हणाले, "तपासून पाहू." तात्या उठले. "अध्यक्ष महाराज, आमच्याकडं ह्याच्यापेक्षा कावळा लवकर निर्णय घेतो." सभागृह हसलं, पण का हसलं हे आमच्या भागाबाहेरच्या कुणालाच कळलं नसावं.

एवढ्या गाठी आल्या आणि सुटल्या. टोकाची एक काही सुटेना. ती आमची, पिंपळमळ्याची.

एस.टी.वाल्यांचं म्हणणं सरळ होतं. गाडी वस्तीपर्यंत येईल, पण वळणार कुठे? तीन किलोमीटर उलटी तर जाणार नाही. तात्या मला म्हणाले, "शाळेचं पटांगण हाय ना, तिथं वळवू. शिक्षण खात्याची परवानगी लागंल. तू लिही." मी लिहिलं. एकदा नाही, सात वेळा. एकेक पत्र असं की दगडाला पाझर फुटावा. तात्या दोनदा वाचायचे, "वा" म्हणायचे आणि घडी घालून खिशात ठेवायचे. "हे मी स्वतः नेऊन देतो. जावक नंबर टाकू नको." उत्तर कधी आलं नाही.

मग मी त्यांना टोचायला लागले. आईचं वर्षश्राद्ध आलं की हमखास. "सहा टर्म, तात्या. आणि एक एस.टी. वळत नाही."

"वळंल."

"तुम्ही पक्ष चार वेळा वळवलात."

रज्जाकभाई स्टिअरिंगवर कपाळ टेकून हसायचे. तात्याही हसायचे, पण त्या वेळी त्यांचा हात त्या टोकाच्या गाठीवर असायचा.

सातव्या निवडणुकीत ते पडले. निकालाच्या दिवशी मी रडले, ते नाही. "मतदारांनी मोकळं केलं," म्हणाले, "कावळ्यानं कुठं केलंय?" माजी झाल्यावरही ते रिकाम्या हाताने कचेऱ्यांतून बसायचे आणि उरलेल्या गाठी एकेक करून सोडवायचे. त्यांना एकच भीती होती आणि ती ते उघड बोलायचे. "ग्रॅज्युएट, माझ्या दहाव्याला सगळा तालुका येणार. तिथं कावळा नाय आला तर सहा टर्मची शोभा. निवडणुकीत बोगस मतदान होतं. तिथं होत नाय."

मार्गशीर्षात ते गेले. झोपेत, शांतपणे. तेव्हा उपरण्याला एकच गाठ होती.

दहाव्याला खरोखर सगळा तालुका आला. त्यांच्या गावच्या घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. पाचही पक्षांचे पुढारी आले होते. पाचही जणांनी तात्या शेवटपर्यंत आमचेच होते असं सांगितलं. पिंड ठेवला. समोरच्या पिंपळावर सात-आठ कावळे. एक हलेना.

तात्यांचा मुलगा पुढे झाला. "तात्यांची इच्छा होती, त्यांचं काम मी पुढं न्यावं. पक्षानं तिकिटाचा शब्द द्यावा." सगळे मुंबईहून आलेल्या पुढाऱ्याकडे बघायला लागले. त्याने घाम पुसला आणि झाडाकडे बघून म्हणाला, "वर कळवतो." कावळे ढिम्म. मग पुतण्या पुढे आला. "तात्यांची इच्छा तिकीट मला मिळावं अशी होती." मागून एक म्हातारा बोलला, "अरे, कावळा हाय तो, निवड समिती नाय!" लोक हसले. ऊन चढत गेलं. खरा येईना म्हणून गुरुजींनी दर्भाचा, गवताचा कावळा करायला घेतला. तात्यांना ज्याची भीती होती तेच होत होतं, आणि सगळ्या तालुक्यासमोर.

रज्जाकभाईंनी मला गर्दीतून बाहेर बोलावलं. जीपचा पुढचा कप्पा उघडला. आत तात्यांचं उपरणं होतं आणि त्याखाली माझी सात पत्रं. घड्यासुद्धा तशाच.

"दिलीच नाहीत?" मी म्हणाले.

"ताई, शाळेचं पटांगण लहान. तिथं गाडी वळतच नव्हती. तात्यांनी पैल्याच महिन्यात माणूस नेऊन मोजून घेतलं." रज्जाकभाई खाली बघत होते. "जागा एकच. रस्ता संपतो तिथं, तुमच्या नानांची कांदा साठवायची चाळ. तात्या दर साली जायचे नानांकडं. नाना नाय म्हणायचे. ती चाळ तुमच्या अम्मीनं बांधलेली ना, बांबू वगैरे स्वतः उचलून. नाना म्हणायचे, तिला हात लावू देणार नाय."

"मला का नाही सांगितलं?"

"मी पण बोललो तात्यांना. ते बोलले, ग्रॅज्युएटला आई नाय, बाप एकच हाय. माझ्यावर चिडू दे तिला, मी काय, मला सवय हाय."

नऊ वर्षं मी त्या माणसाला टोचत होते. मी उपरणं उचललं आणि घाटावर नानांना शोधलं. ते मागे, टोपी हातात धरून उभे होते. मी गाठ त्यांच्यासमोर धरली.

त्यांनी ओळखली. "तुला कुणी सांगितलं?"

"ते जाऊ द्या. नाना, आईला चाळ पाहिजे होती का एस.टी.?"

नानांनी टोपी घातली आणि ते गर्दीत घुसले. दोन पुढाऱ्यांना बाजूला सारून ते पिंडासमोर उभे राहिले. आयुष्यात कधी चार माणसांत न बोललेला माणूस. एवढंच म्हणाले, "तात्या, एवढा कांदा विकला की चाळ काढतो."

एक मोठा काळा कावळा उतरला. पिंडाभोवती एक फेरी मारली आणि चोच घातली. घाटावर असा आवाज झाला की निकालाच्या दिवशीही तसा ऐकला नव्हता.

मी शिकलेली आहे. नाना पुढे आले तेव्हा लोक मागे सरकले, पिंडाजवळ जागा झाली, म्हणून कावळा आला असेल. मला कळतं ते. रज्जाकभाईंना मी तसं म्हणालेही. ते म्हणाले, "असेल ताई," आणि डोळे पुसत राहिले.

गाठ मी त्या दिवशी सोडली नाही. काम झाल्याशिवाय सोडायची नसते. नानांनी चाळीतला कांदा लासलगावला नेऊन विकला, बांबू उतरवले, जमीन सपाट केली. मग मी आठवं पत्र लिहिलं, त्यावर जावक नंबर टाकला आणि स्वतः एस.टी.च्या डेपोत नेऊन दिलं.

पहिली एस.टी. आली त्या सकाळी वस्तीने तिला हार घातला. ड्रायव्हरला पेढे दिले. नाना धुतलेलं धोतर नेसून सगळ्यांच्या आधी चढले आणि पुढच्या खिडकीपाशी बसले. मी उपरणं त्यांच्या हातात दिलं. गाठ इतक्या वर्षांची, घामाने आवळलेली, बोटांनी सुटेना. शेवटी त्यांनी ती दातांनी सोडवली.

कंडक्टरने विचारलं, "बाबा, कुठं जायचंय?"

"कुठं नाय," नाना म्हणाले. "वळती का नाय, तेवढं बघायचंय."

गाडी सुरू झाली, चाळीच्या जागेवर गोल फिरली आणि फाट्याकडे तोंड करून उभी राहिली. नाना शांतपणे उतरले.